काळा पहाड आणि माझा आजा

माझा आजा अंगठेबहाद्दर. जन्मात त्याने पेन धरलं नाही. पण झुंजारच्या बायकोचं नाव विजया, धनंजयच्या जोडीदाराचं नाव छोटू, हे त्याला स्वतःच्या नातवंडांच्या नावांपेक्षा पक्कं ठाऊक होतं. नातवंडांच्या नावात तो गडबड करायचा. माझ्या चुलतभावाला माझ्या नावाने हाक मारायचा आणि मला बैलाच्या. झुंजारच्या बाबतीत मात्र कधी चूक नाही.

ही सगळी बाबूराव अर्नाळकरांची माणसं. आताच्या पोरांना हे नाव सांगावं लागतं. आमच्या वेळेला सांगावं लागत नसे. चौथी शिकलेला गिरणीकामगार असो, लाँचवरचा खलाशी असो नाहीतर उरणच्या बाजारातला दुकानदार, सगळ्यांच्या उशाखाली ते पातळ पुस्तक असायचं. मास्तरांच्याही असायचं, पण त्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असायचं.

आमची शेती खाऱ्यातली. करंजाला एका अंगाला द्रोणागिरीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडीपलीकडे रेवसचे दिवे. आता जिल्हा रायगड म्हणतात, त्या वेळी कुलाबा होता. डोंगराच्या पायथ्याची शेतं गोड्या पाण्याची, ती ज्यांच्याकडे होती ते नशीबवान. आमची खाडीला लागून. मधे मातीचा बांध. बांधाच्या आत भात, बाहेर चिखल आणि तिवरं. भातशेती करणाऱ्याला आभाळाची काळजी असते, खाऱ्यातल्या शेतकऱ्याला आभाळाची आणि चंद्राची, दोन्हींची. अमावास्या-पुनवेच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाणाची भरती येते. पावसाळ्यात त्यात वारा मिळाला की पाणी बांधाच्या डोक्याला लागतं. बांध कितीही जाड असो, खेकड्याचं एक बीळ पुरतं. बिळातून आधी बोटाएवढी धार येते, मग हाताएवढी, आणि मग बांधाला खांड जाते. खारं पाणी आत शिरलं की उभं भात जळतं. तेवढ्यावर भागत नाही. पावसाने जमिनीतलं मीठ धुवून निघेपर्यंत पुढची दोन-तीन वर्षं त्या शेताकडे बघायचंही नाही.

म्हणून उधाणाच्या रात्री बांधावर राखण असायची. घराघराने पाळी. आमच्या घरची पाळी आजाकडे. बापूस दिवसभर राबून मेलेला असे, आणि म्हाताऱ्याला तशीही झोप नव्हती. गावात त्याची ख्यातीच होती ती. आजा बांधावर आहे म्हटलं की आजूबाजूचे शेतवाले घरी निवांत झोपायचे. त्याच्या सोबतीला मी. का, तर मला वाचता येत होतं.

मी उरणच्या हायस्कुलात चालत जायचो. बाजारात एका दुकानात मागच्या फळीवर भाड्याची पुस्तकं होती. दिवसाला दहा पैसे. दुकानदाराकडे देव आणि अर्नाळकर दोन्ही एकाच फळीवर होते, नवनाथ कथासाराला लागून काळा पहाड. पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली की बऱ्याचशांना कव्हर नसायचं. पानांवर हळदीचे, तेलाचे, विडीचे डाग. काही पानांवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं की खुनी अमुक आहे. त्या माणसाला सापडलो असतो तर आजाने बडवलाच असता.

खोपीत कंदील, बाहेर पाऊस, आणि मी मोठ्याने वाचतोय. आजा गुडघ्यांना हात बांधून बसायचा. मी जरा थांबलो, की लगेच, "वाच र बाला, थांबलास कनाला?" एखादा मोठा शब्द आला, न्यायवैद्यक का काय, की मी तो गिळून पुढे जायचो. त्याला कळायचं. "काय सोरलास मंगाशी?" अर्नाळकरांची वाक्यं लहान. एक माणूस येतो, दार उघडतो, दिवा विझतो. कोणी कोणाच्या मनात काय चाललंय ते दोन-दोन पानं सांगत बसत नाही. त्यामुळे कानाने ऐकणाऱ्याला ती पुस्तकं चालत. पुढे मी चांगली-चांगली म्हणून नावाजलेली पुस्तकं वाचली, आवडलीही, पण ती आजाला वाचून दाखवता आली असती असं वाटत नाही. दुसऱ्या पानालाच तो बिडी शोधायला उठला असता.

आणि एक गोष्ट होती. झुंजार काय, काळा पहाड काय, हे कायद्याच्या बाहेरचे लोक. पोलीस त्यांच्या मागे. पण ते धरायचे कोणाला, तर बंगल्यात राहणाऱ्या, गाडीतून फिरणाऱ्या बदमाशाला. ज्याच्यावर गावात कोणी बोट ठेवणार नाही अशाला. आजाचं सगळं आयुष्य सावकाराच्या ओटीवर खाली मान घालून उभं राहण्यात गेलेलं. शेटजीच्या छातीवर पिस्तूल रोखलं गेलं की तो मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "आता कसा?" जणू काळा पहाड आमच्याच वाडीतला.

अर्नाळकर हे नाव आर्नाळ्यावरून, हे मी त्याला सांगितलं होतं. वसईकडचा तो गाव, समोर पाण्यात किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. मास्तरांनी शिकवलं होतं. किल्ल्याचं त्याला काही नव्हतं. गाव खाडीकाठचा आहे एवढं ऐकून तो खूश झाला. "मंग त्याला उधान ठावं असल." आता लिहिणारा मुंबईत राहून रहस्यकथा लिहितो, त्याला उधाणाचं काय, पण आजाने तेव्हापासून त्यांना आपला माणूस धरलं. 'बाबूराव' म्हणायचा, एकेरीत.

आता मी जे सांगणार आहे ते आजवर लिहिलेलं नाही. दोन पुस्तकं झाली माझी, दोन्हींत खाऱ्या शेतीवर लिहिलं, बांधावर लिहिलं, हे गाळलं.

१९७४ साल. मी नववीत. पिठोरी अमावास्येचं उधाण. भात चांगलं कमरेला आलेलं. अमावास्येला आमच्याकडे भरती मध्यरात्री बाराच्या सुमाराला टोकाला जाते, म्हणजे अकरा ते एक हा वेळ जपायचा. त्या वेळात बांधावरून कंदील घेऊन सारख्या फेऱ्या घालायच्या. पाऊस थांबलेला होता, वारा होता. साडेदहाला आम्ही एक फेरी घालून आलो. बांध ठीक होता. मी पुस्तक उघडलं. काळा पहाडचं होतं. कव्हर नव्हतं, पहिली चार पानंही नव्हती, त्यामुळे नाव आम्हाला माहीत नव्हतंच. गोष्ट अशा जागी आली होती की काळा पहाड एका दारामागे उभा, आणि बाहेरून कोणीतरी जिना चढत येतोय. आजा म्हणाला, "येवरा पान झाला क जावया." ते पान झालं. मग आणखी एक झालं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. कोणीच उठलं नाही.

मग पाण्याचा आवाज बदलला. खाऱ्यात वाढलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. आजा कंदील न घेताच धावला. आम्ही पोचलो तोवर दोन हात खांड गेली होती आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली. आजाने अशी हाळी घातली की आजही माझ्या कानात आहे. गाव उठला. पेंढ्याचे भारे, बांबू, घमेली, ज्याच्या हाताला जे आलं ते घेऊन माणसं आली, बाया आल्या. ओहोटी लागेपर्यंत काही उपाय चालला नाही. उजाडलं तेव्हा आमचं एक शेत आणि शेजारच्या चार घरांची शेतं पाण्याखाली होती. पाणी शांत होतं. त्यात आभाळ दिसत होतं.

लोकांनी विचारलं, काय झालं. मी तोंड उघडणार, त्याआधी आजा म्हणाला, "मना झोप लागली."

एवढंच बोलला. ज्या माणसाला झोप नाही म्हणून गाव त्याच्या भरवशावर झोपायचा, तो सगळ्यांसमोर म्हणाला की मला झोप लागली. कोणी शिवी दिली नाही. म्हातारा माणूस, सत्तरीच्या पुढचा. पण त्यानंतर राखणीची पाळी त्याला कोणी दिली नाही. पोरं त्याला झोपालू आजा म्हणायला लागली. मी त्यांच्यात उभा असायचो. गप्प.

माझ्या बापाला कळलं होतं. खोपीत कंदिलाशेजारी पुस्तक उपडं पडलेलं त्याने पाहिलं. तो काही बोलला नाही. पुस्तक उचललं आणि खांडीत भिरकावलं. ओहोटीच्या पाण्याबरोबर ते खाडीत गेलं. दुकानदाराने नंतर माझ्याकडून पुस्तकाचे पैसे घेतले, ते आयने कोंबडीची अंडी विकून दिले. शेजारच्या एका घरी त्या माघात पोरीचं लग्न ठरलेलं होतं, ते दोन वर्षं पुढे गेलं. त्या घरच्या माणसांशी मी आयुष्यभर जरा जास्तच गोड बोलत आलोय, ते यामुळे.

महिनाभर आजाने पुस्तकाचा विषय काढला नाही. मग एका रात्री, मी ओटीवर अभ्यास करत होतो, तो हळूच येऊन बसला. घरात कोणी ऐकत नाही बघून म्हणाला, "तो दारामागं हुता. मंग काय झाला?"

पुस्तक खाडीत. दुकानात दुसरी प्रत नाही. मी म्हणालो, पुढचं मी आधीच वाचलेलं. साफ खोटं. आणि मी सांगायला सुरुवात केली. जिना चढून येणारा कोण, त्याच्या हातात काय, काळा पहाड कसा निसटला, पोलीस कसे मागे राहिले. तीन रात्री लावल्या. मध्येच मला वाटलं तसं एक होडी घातली, भरती घातली, कारण ते मला येत होतं. आजाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "यो बाबूरावचा नाय. यो तुजा हाय." मी खाली बघितलं. मग म्हणाला, "बरा हाय. पन तुज्या गोष्टीत सगली लय बोलतान."

माझ्या लिखाणावर आजवर पुष्कळ जणांनी मत दिलं. त्यातलं उपयोगी पडलेलं हे एक.

अर्नाळकरांविषयी मला खरी माहिती फार उशिरा मिळाली. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, गेले १९९६ साली. म्हणजे नव्वद वर्षं. मुंबईत त्यांचा चष्म्यांचा धंदा होता. हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, की दिवसा लोकांना चष्मे द्यायचे आणि रात्री त्यांचे डोळे खराब करणारी पुस्तकं लिहायची. हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गिनीज बुकात नाव गेलं असं सांगतात. हजार हा आकडा बोलायला सोपा आहे. मी पंधरा वर्षांत दोन पुस्तकं लिहिली, तीही बारकी, म्हणून मला त्या आकड्याचं वजन कळतं. भात लावल्यासारखं आहे ते. एक रोप लावायला काही लागत नाही, पण वाकलेली कंबर दिवसभर सरळ करायची नाही.

त्यांच्या गोष्टींचे सांगाडे पुष्कळदा इंग्रजी रहस्यकथांवरून आलेले, हे जाणकार सांगतात. खरं असणार. धनंजय आणि छोटू म्हणजे होम्स आणि वॉटसनचे भाऊबंद, हे मलाही कळतं. पण इंग्रजीतला तो माणूस करंजाच्या बांधावर कंदिलापाशी येऊन बसला नसता. त्याला धोतर-कोट घालून आणावं लागलं, ते काम बाबूरावांनी केलं. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले, त्यांचा कॅप्टन दीप आला. मी नाईकांचीही वाचली, तोवर आजा नव्हता. १९७९ साली तो गेला.

एकदा एका साहित्याच्या कार्यक्रमात मला बोलावलं होतं. शेतकरी लेखक म्हणून बोलावतात, फेटा घालून यावं अशी अपेक्षा असते. तिथे विचारलं, तुमच्यावर संस्कार कोणत्या लेखकाचे? मी म्हणालो, बाबूराव अर्नाळकर. लोक हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग मीही हसलो आणि दुसरी दोन मोठी नावं सांगितली. घरी येताना लाँचमध्ये मला आजाची आठवण आली आणि मान वर करवेना. दुसऱ्यांदा गप्प बसलो होतो.

माझा धाकटा मुलगा बोटीवर आहे. परदेशी बोटींवर खलाशांनी वाचून सोडलेली पुस्तकं एका पेटीत असतात म्हणे. त्यातून तो लुई लामूर नावाच्या अमेरिकन लेखकाची दोन-तीन फाटकी पुस्तकं घेऊन आला. घोडे, बंदुका, गुरांचे कळप, त्याला वेस्टर्न म्हणतात. सुट्टीवर असला की तो मला संध्याकाळी ओटीवर गोष्ट सांगतो. म्हणजे आता मी आजाच्या जागी. हा लामूर १९०८ चा, आमच्या बाबूरावांपेक्षा दोन वर्षांनी लहान. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. गवताचे भारे बांधले, खाणीत राबला, बोटीवर खलाशी होता, मुष्टियुद्ध खेळला. मग लिहायला लागला आणि शंभरावर पुस्तकं लिहिली. मुलगा म्हणाला, ह्याच्या गोष्टीत बहुतेकदा भांडण जमिनीचं आणि पाण्याचं असतं. एक बडा गुरांवाला लहान माणसाची जमीन बळकवायला बघतो, आणि एक घोडेस्वार येऊन त्याला अडवतो. मी म्हटलं, हा तर आपला काळा पहाड, फक्त घोड्यावर बसलेला. त्या लामूरला त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने १९८४ च्या मार्चमध्ये मोठं पदक दिलं. स्वस्त पुस्तकं लिहिणाऱ्याला.

१९८४. आमच्याकडे ते साल पदकासाठी आठवत नाहीत. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलेलं, भाव कवडीमोल, आणि दि. बा. पाटलांच्या मागे सगळा मुलूख उभा राहिलेला. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघरला गोळीबार झाला. पाच माणसं गेली. मी पंचविशीतला, गर्दीत मागे होतो. पळालो आणि एका शेतात बांधाआड आडवा पडलो. भात कापून नेलेलं, खुंट पोटाला टोचत होते. खोटं नाही सांगत, त्या वेळी माझ्या डोक्यात एक मूर्ख विचार आला. वाटलं, आता तो यायला पाहिजे. काळे कपडे, तोंडावर बुरखा. आजाला मी इतकी वर्षं वाचून दाखवलं होतं की शेवटच्या दोन पानांत तो येतोच. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो.

त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. ते कोणी बुरखा घालून आणलं नाही. मोर्चांनी, बैठकांनी, कागदांनी आणि त्या पाच जणांनी आणलं. कागदांचा ढीग घरोघर आला. माझा बापूस, ज्याने पुस्तक खांडीत फेकलं होतं, तो पाकीट घेऊन माझ्यासमोर बसायचा आणि म्हणायचा, "वाच." मी सर्व्हे नंबर वाचायचो, कलम वाचायचं, तारीख वाचायचो. कठीण शब्द आला की मी गिळायचो. त्यालाही कळायचं. "मधी काय सोरलास?" आजाचाच पोरगा तो. आमच्या जमिनीचं पुढे काय झालं तो वेगळा लेख होईल, इथे त्याची जागा नाही. एवढं सांगतो की आता त्या बांधावरून कंटेनरच्या गाड्या दिसतात, आणि उधाणाला राखण करायला आत काही उरलेलं नाही.

बाबूरावांची निवडक पुस्तकं पुन्हा छापून आली तेव्हा मी मुद्दाम मुंबईला जाऊन घेतली. मोऱ्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला, तिथून पुढे. जाड कागद, चकचकीत कव्हर, डाग नाहीत. वाचताना काही ठिकाणी हसू आलं, योगायोग फार, दार नेमकं त्याच वेळी उघडतं. पण रात्री दोनपर्यंत जागलो. आमच्या त्या रात्रीची गोष्ट त्यात सापडली नाही. हजारात एक शोधायची, नाव माहीत नसताना, ती कशी सापडायची.

मागच्या शिमग्याला मी शेवटी शेजारच्या त्या नानांकडे गेलो. ज्यांच्या घरचं लग्न पुढे गेलं होतं ते. नाना आता पंच्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. त्यांच्या सुना-नातवंडांनी सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, नाना, त्या राती आजाला झोप लागली नव्हती. मी पुस्तक वाचत होतो आणि आम्ही फेरीला गेलोच नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला.

नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. सुनेने चहा आणून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "कंचा पुस्तक हुता?"

"काळा पहाडचा. नाव नाय ठावं. कव्हर नव्हता."

"आन मंग त्याला पकरला क नाय?"